मग आता करायचं काय?

अकरा पानांच्या एका डॉक्युमेंटच्या अगदी शेवटी, शेवटच्या तक्त्याखाली कुणीतरी एवढीच कॉमेंट टाकलेली होती: "वाचलं. मग आता करायचं काय?" त्यात खोचकपणा अजिबात नव्हता. त्या माणसानं सगळं वाचलं होतं आणि वाचूनही त्याला कळलं नव्हतं. डॉक्युमेंट टाकाऊ होतं असंही नाही. पार्श्वभूमी होती, आकडे होते, तीन पर्याय होते, प्रत्येकाचे फायदे-तोटे दोन रकान्यांत नीट मांडलेले होते, शुद्धलेखनाची चूक शोधून सापडली नसती. नवव्या पानावर एका परिच्छेदाच्या पोटात "एकंदर विचार करता दुसरा पर्याय अधिक सोयीचा ठरू शकेल" असं एक वाक्य होतं. लिहिणाऱ्याच्या लेखी तोच निर्णय. वाचणाऱ्याच्या लेखी ते अकरा पानांतलं आणखी एक वाक्य. ही कॉमेंट मनात रुतून बसते ती तिच्या दुर्मिळपणामुळे. बहुतेक लोक असा प्रश्न विचारत नाहीत. पहिलं पान चाळतात, लाइक टाकतात, आणि तीन आठवड्यांनी त्याच विषयावर पुन्हा मीटिंग लागते तेव्हा सगळ्यांनाच प्रश्न पडतो की हे आधी कुठेतरी ठरलं होतं ना?

गोम अशी की माणूस ज्या क्रमानं शोधतो त्याच क्रमानं लिहितो. आधी तक्रार आली, मग लॉग तपासले, मग एक शंका आली, ती चुकीची निघाली, मग दुसरी आली. या सगळ्या वणवणीचा शेवट म्हणजे निष्कर्ष, म्हणून तो लिखाणातही शेवटी येतो. लिहिणाऱ्याला हा क्रम इतका नैसर्गिक वाटतो की तो बदलायचा म्हणजे काहीतरी लपवल्यासारखं होतं. वाचणारा मात्र दुसऱ्याच दारानं आत येतो. त्याच्याकडे चार प्रश्न असतात आणि साधारण याच क्रमानं असतात: हे माझ्यासाठी आहे का, मी काय करायचं आहे, कधीपर्यंत, आणि तुम्ही म्हणता ते कशावरून. शोधाची हकिगत या चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती टाकून द्यायची नसते, चौथ्या जागी ठेवायची असते. वृत्तपत्रांच्या बातमीदारांना हे पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवर हवाई हल्ल्यांचं सावट असताना, चर्चिलनं खात्यांना एक छोटंसं टिपण पाठवलं होतं. मुद्दे लहान, खणखणीत परिच्छेदांत मांडा आणि आकडेवारी, किचकट तपशील परिशिष्टात घाला, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे दुखणं जुनं आहे, आणि सत्तेच्या हुकमानंही ते पुरतं बरं झालेलं नाही.

जवळून पाहायचं तर एखाद्या टीमचं साधंसं विनंतीचं पान घेऊ. त्याची सुरुवात बहुधा अशी असते: "गेल्या काही महिन्यांत रिपोर्ट अपूर्ण येत असल्याच्या तक्रारी वाढल्या आहेत. या अनुषंगाने टीमने विविध बाबींचा सखोल अभ्यास केला असून..." इथवर वाचून हाती काही लागत नाही. आता हेच असं लिहिलेलं बघा: "सकाळचा विक्रीचा रिपोर्ट ७ ऐवजी ९ वाजता पाठवायला परवानगी हवी आहे. आदल्या दिवसाचे शेवटचे व्यवहार ८ पर्यंत जमा होत राहतात, त्यामुळे ७ वाजताच्या रिपोर्टमध्ये ते येत नाहीत. निर्णय विक्रीप्रमुखांनी १४ तारखेपर्यंत द्यायचा आहे. तोवर उत्तर आलं नाही तर १५ तारखेपासून ९ ची वेळ लागू करू." चारच वाक्यं. पहिल्यात मागणी, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात कोण आणि कधी, चौथ्यात गप्प राहिल्यास काय होईल. यातलं चौथं वाक्य लोक सर्वांत जास्त विसरतात आणि खरं काम तेच करतं. गप्प बसलं की काय घडणार हे लिहिलेलं असलं की ज्याला हरकत असते तो बोलतो. नाही लिहिलं तर गप्प बसणं हाच सगळ्यांच्या सोयीचा मार्ग होतो आणि डॉक्युमेंट "विचाराधीन" नावाच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतं. अर्थात हा "नाहीतर" मागे फिरवता येण्याजोग्या गोष्टींसाठीच. रिपोर्टची वेळ पुन्हा ७ करता येते. डेटा कायमचा पुसण्यासारख्या कामात मौन म्हणजे संमती असं लिहून ठेवणं धोक्याचं.

ही चार वाक्यं फोनच्या एका स्क्रीनवर मावली पाहिजेत. बरेच जण तेवढंच बघणार आहेत.

मांडणीचा विषय निघाला की कोलंबिया यानाची ती स्लाइड आठवल्याशिवाय राहत नाही. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झालं तेव्हा दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना बोइंगच्या इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाच्या अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण केलं. त्यातल्या एका स्लाइडचं माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी नंतर ओळ न् ओळ विच्छेदन केलं. मथळ्याचा सूर दिलासा देणारा होता: चाचण्यांची माहिती पाहता टाइल (यानावरचं उष्णतारोधक आवरण) भेदली जाण्याबाबतचा अंदाज सावध बाजूला झुकलेला दिसतो. त्याखाली बुलेट, बुलेटच्या पोटात बुलेट, त्याच्याही पोटात डॅश. आणि अगदी तळाशी ती ओळ: प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १९२० घनइंच, तर ज्या चाचण्यांवर सगळा अंदाज बेतला होता त्यातल्या तुकड्याचं ३ घनइंच. ६४० पट. म्हणजे वर जे काही म्हटलं होतं त्याचा पायाच या प्रसंगाला लागू पडत नव्हता, आणि ही गोष्ट सर्वांत खालच्या पायरीवर, आणखी एक तपशील म्हणून बसलेली होती. "सिग्निफिकंट" हा शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला होता, पण कुठे "मोजण्याइतकं", कुठे "जीवघेणं", हे वाचणाऱ्यानं ताडायचं.

१ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं, कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. एका स्लाइडमुळे अपघात झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल. निर्णयप्रक्रियेतले दोष खोलवर होते आणि वेळेत कळलं असतं तरी काय करता आलं असतं हा वेगळाच वाद आहे. पण चौकशी मंडळानं ऑगस्ट २००३ च्या अहवालात या स्लाइडची मुद्दाम दखल घेतली. एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्यानं ती वाचावी आणि हा जिवाशी खेळ आहे हे त्याच्या लक्षातच येऊ नये, हे सहज समजण्यासारखं आहे, अशा अर्थाचं तिथं म्हटलं आहे. स्लाइडवरची माहिती खोटी नव्हती, लपवलेलीही नव्हती. ती फक्त चुकीच्या उंचीवर होती. डॉक्युमेंटमध्ये जागा म्हणजेच महत्त्व. वरचं मोठं, आत सरकवलेलं छोटं, हे डोळा आपोआप ठरवून टाकतो. लिहिणाऱ्यानं तसं ठरवलं नव्हतं म्हणून काही फरक पडत नाही.

बुलेटचा दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. बुलेटमध्ये "म्हणून", "पण", "तरीही", "असं असलं तरच" हे शब्द गळून पडतात. "खर्च वाढला", "टीम लहान झाली", "मुदत तीच" अशा तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या की लिहिणाऱ्याला वाटतं युक्तिवाद झाला. त्या तिघांत नातं काय हे मात्र त्यानं लिहिलेलं नसतं, आणि वाचणारे पाच जण पाच वेगवेगळी नाती जोडतात. जिथे क्रमाला किंवा कारणाला अर्थ नाही अशा याद्यांसाठी बुलेट उत्तम: सामान, लिंका, हजर असलेल्यांची नावं. विचार मांडायचा असेल तर वाक्यच हवं. जेफ बेझोस यांनी जून २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट हद्दपार करून त्याजागी सलग गद्यात लिहिलेली टिपणं आणली, ती याच कारणासाठी. सहा पानांची ही पद्धत पुढे फार गाजली. ज्यांनी तिची नक्कल केली त्यांनी बहुतेकदा सहा पानं उचलली आणि दुसरा अर्धा भाग सोडून दिला. ॲमेझॉनमध्ये मीटिंगच्या सुरुवातीला सगळे जण तिथेच बसून ते टिपण मुकाट्यानं वाचतात, मगच चर्चा. माझ्या मते खरी किमया पानांच्या संख्येत नाही, या शांत वाचनात आहे. "आधी वाचून या" हे कुठल्याही टीममध्ये पाळलं जात नाही. जे वाचून येत नाहीत तेच सर्वांत जास्त बोलतात, हाही सगळ्यांचा अनुभव. आणि आपलं लिखाण आपल्यादेखत, आपल्या एका शब्दाच्याही मदतीशिवाय वाचलं जाणार आहे हे ठाऊक असलं की लिहिणारा आपसूक जागा होतो. बेझोस यांनीच भागधारकांना लिहिलेल्या २०१७ सालच्या पत्रात म्हटलंय की चांगल्या टिपणाला आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त लागू शकतो, आणि वाईट टिपणं लिहिणाऱ्यांचा समज असतो की एकदोन दिवसांत, किंवा काही तासांतही, काम उरकेल. हे वाचून हायसंही वाटतं आणि धडकीही भरते, कारण आठवडा कुणाकडे असतो?

वेळ नसेल तेव्हा एकच गोष्ट करावी: मथळे दुरुस्त करावेत. "पार्श्वभूमी", "विश्लेषण", "निरीक्षणे", "पुढील वाटचाल" हे मथळे जगातल्या कुठल्याही डॉक्युमेंटला चालतात, म्हणजे ते या डॉक्युमेंटबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांच्या जागी पूर्ण वाक्य घालून बघा. "विश्लेषण" काढून "९० टक्के उशीर एकाच क्वेरीमुळे होतो". "पुढील वाटचाल" काढून "ही क्वेरी मोडून दोन करायला एका माणसाला दोन आठवडे लागतील". मग सगळा मजकूर झाकून फक्त मथळे वरून खाली वाचायचे. ते सलग वाचून गोष्ट कळली तर रचना जमली. दोन मथळ्यांमध्ये ठेच लागली तर तिथे काहीतरी गाळलंय किंवा क्रम उलटा झालाय. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिच्यात एक त्रासदायक गुण आहे. एखाद्या भागाला वाक्याचा मथळा देताच येत नाही असं अनेकदा होतं. कितीही झटलं तरी "काही निरीक्षणे" याच्या पुढे गाडी सरकत नाही. तेव्हा अडचण शब्दांची नसते. त्या भागात आपल्याला काय म्हणायचंय हे ठरलेलंच नसतं. मुद्दा पक्का नसला की माणूस माहिती देत सुटतो. त्या अकरा पानांतही हेच झालं असणार. "सोयीचा ठरू शकेल" असं लिहिणाऱ्याला दुसरा पर्याय हवा होता, पण "दुसरा पर्याय घ्या" असं म्हणण्याची जबाबदारी नको होती. मांडणीतला गोंधळ हा पुष्कळदा भित्रेपणाचा सभ्य पेहराव असतो.

रुग्णालयांत डॉक्टर-परिचारिकांच्या निरोपांसाठी एसबार नावाची चौकट वापरतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधल्या निरोपाच्या पद्धतीवरून घेतलेली आणि कैसर पर्मनेंटे या अमेरिकी आरोग्यसेवा संस्थेत रुग्णालयांसाठी बेतलेली. चार भाग: आत्ता काय घडतंय, आधीचं काय, मला काय वाटतं, आणि काय करायला हवं. पहिले दोन भाग कुणीही भरू शकतो. चौकटीचं मोल शेवटच्या दोनांत आहे. कनिष्ठ माणसाला ती "मला असं वाटतं" आणि "तुम्ही लगेच यावं" हे म्हणण्याची सक्ती करते आणि परवानगीही देते. टीमच्या डॉक्युमेंटमध्ये शिफारशीचा रकाना याच कारणासाठी हवा. तो रिकामा राहिला की सगळ्यांना दिसतो.

एका पानावर एकच काम हा नियम बोलायला सोपा, पाळायला फार कठीण. सॉफ्टवेअरच्या जगात दानिएले प्रोचीदा यांनी डायटॅक्सिस नावाची डॉक्युमेंटची विभागणी रूढ केली: शिकवणारे धडे, काम कसं करायचं ते सांगणाऱ्या कृती, संदर्भासाठीची माहिती, आणि समजावून सांगणारं विवेचन. चौघांचे वाचक वेगळे, किंवा तोच वाचक वेगळ्या घटकेला. घोटाळा होतो तो बहुधा कृती आणि विवेचन एकत्र कालवल्यामुळे. रात्री दोन वाजता सिस्टीम बंद पडल्यावर ज्याला उठवलंय त्याला ती सिस्टीम तशी का बांधली याचा इतिहास नको असतो. त्याला पायऱ्या हव्या असतात, आणि पायऱ्या लिहिणं हे वेगळंच कसब आहे. एका पायरीत एकच क्रिया. अट आधी, क्रिया नंतर: "डिस्क भरली असेल तर जुने लॉग हलवा", "जुने लॉग हलवा, जर डिस्क भरली असेल तर" असं नाही, कारण घाईतला माणूस स्वल्पविरामापर्यंतच थांबतो आणि हात चालवतो. प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवं ते लिहायचं, आणि तसं दिसलं नाही तर काय. "सर्व्हिस रीस्टार्ट करा" एवढं पुरत नाही. "रीस्टार्ट केल्यावर मिनिटभरात स्टेटस हिरवं व्हायला हवं. पाच मिनिटांनंतरही लाल असेल तर पुन्हा रीस्टार्ट करू नका, पायरी ९ वर जा" हे पुरतं. "योग्य ती सेटिंग तपासा" ही तर निव्वळ थट्टा आहे. योग्य कुठली हे माहीत असतं तर तो हे पान उघडून बसला नसता. आणि सर्वांत जुनी, सर्वांत महागडी चूक: पायरी ५, जुना फोल्डर डिलीट करा. पायरी ६, टीप: डिलीट करण्यापूर्वी कॉपी घेतल्याची खात्री करा. इशारा नेहमी क्रियेच्या आधी, तिच्याच पायरीत, ठळक. लिहून झालं की ज्यानं ते काम कधी केलेलं नाही अशा माणसाला पान देऊन शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. जिथे तो थांबून वर बघतो तिथे एक वाक्य कमी आहे.

"असं का केलं?" या प्रश्नाचं घर वेगळं असावं. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्डची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेबद्दलचे निर्णय नोंदवून ठेवण्याची पद्धत मला यासाठी अजूनही सर्वांत सुटसुटीत वाटते. एका निर्णयाला एक पान, फार तर दोन. शीर्षक, परिस्थिती, निर्णय, स्थिती, परिणाम. परिणामांत चांगले तेवढेच नाही, वाईटही लिहायचे. निर्णय बदलला तर जुनं पान खोडायचं नाही. त्याच्या स्थितीत "या नव्या निर्णयानं रद्द" असं नमूद करून नवं पान लिहायचं. मी यात एक भर घालेन: जे पर्याय नाकारले ते आणि नाकारण्याचं एका ओळीतलं कारण. सहा महिन्यांनी टीममध्ये नवीन, हुशार माणूस येतो आणि नेमका तोच नाकारलेला पर्याय नवा शोध म्हणून मांडतो. कारण लिहिलेलं असेल तर चर्चा पाच मिनिटांची. कधी ते कारण आता उरलेलंच नसतं, आणि मग त्या हुशार माणसाचं बरोबर असतं. दोन्ही बाबतींत ती ओळ उपयोगी पडते. ती नसेल तर "आमचं आधी ठरलंय" एवढंच उत्तर उरतं आणि त्या उत्तरानं कुणाचंच समाधान होत नाही.

आपल्या कार्यालयीन मराठीनं या सगळ्यात एक खास अडचण घालून ठेवली आहे. "निर्णय घेण्यात आला", "पाठपुरावा केला जाईल", "आवश्यक ती कार्यवाही करावी". कुणी घेतला, कोण करील, "करावी" म्हणजे हुकूम की सूचना? इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनाही हाच पेच पडला होता. त्यांच्या क्रमांक दिलेल्या टिपणांना आरएफसी म्हणतात. मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी एकेका शब्दाचं वजनच ठरवून दिलं: "मस्ट" म्हणजे सक्ती, "शूड" म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडता येईल आणि त्याचे परिणाम समजून मगच, "मे" म्हणजे खुशीचा मामला. टीमनं आपल्यापुरतं असं ठरवायला काहीच हरकत नाही. "केलंच पाहिजे", "शक्यतो करा", "हवं तर करा", या तिघांपलीकडे चौथा सूर नको. कामासमोर नाव एकाचंच. "बॅकएंड टीम बघेल" म्हणजे कुणीही बघणार नाही. दोन नावं लिहिली तर दोघेही एकमेकांवर विसंबतात. मदतीला कितीही जण असोत, उत्तर द्यायला एक. तारखांचंही तसंच. "पुढच्या शुक्रवारी" हे वाचणारा कुठल्या आठवड्यात वाचतो त्यावर अवलंबून, "लवकरच" आणि "सध्या" यांना तर कधीच तारीख नसते. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे समोरचा कुठल्या देशात बसलाय त्यावर ठरतं. २०२५-०४-०३ असं वर्ष-महिना-दिवस लिहिलं की वाद मिटतो, शिवाय फाइलच्या नावाच्या सुरुवातीला घातलं तर यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन २" या घराण्याचा वंश तिथेच खुंटतो.

इतकं सगळं म्हटल्यावर लगेच टेम्प्लेट बनवायचा मोह होतो. इथे मात्र मन थोडं मागेपुढे होतं. टेम्प्लेटमुळे विसरलेली गोष्ट आठवते हे खरं. पण चौदा रकान्यांचं टेम्प्लेट हातात दिलं की माणसं विचार करायचं सोडून रकाने भरू लागतात. "जोखीम" समोर "लागू नाही", "पर्याय" समोर "लागू नाही", आणि पान तयार. त्याहून वाईट म्हणजे ज्याच्या डोक्यात एकच ओळीची पण मोलाची शंका असते तो ते टेम्प्लेट बघून लिहितच नाही. १९६९ च्या एप्रिलमध्ये, इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट उभं राहत असताना, स्टीव्ह क्रॉकर यांनी टिपणांचे नियम लिहिले. ते आरएफसी ३. त्यात स्वच्छ म्हटलंय की टिपण पॉलिश केलेलं नसलं तरी चालेल, उत्तराशिवाय नुसता प्रश्नही चालेल, आणि कमीत कमी लांबी एक वाक्य. लिहिलेलं म्हणजे अधिकृत, अंतिम, या समजामुळे लोक कच्चे विचार पुढे आणायला कचरतात आणि तो संकोच मोडायचा आहे, हेही त्यांनी तिथेच नोंदवलं. या एका वाक्याच्या मुभेतून सुरू झालेली मालिका आज नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. म्हणून मला वाटतं टेम्प्लेटचे दोन मजले असावेत. कच्च्या विचारासाठी नाव, तारीख आणि एक वाक्य, बस्स. निर्णय मागणाऱ्या पानासाठी मात्र ती वरची चार वाक्यं सक्तीची, बाकी रकाने ऐच्छिक, आणि जो रकाना लागू नाही तो उडवून टाकायची मोकळीक. वरच्या बाजूला "कच्चा" की "निर्णयासाठी" हे ठळक लिहिलेलं असावं. नाहीतर कच्च्या विचारावर कुणीतरी अंमलबजावणी सुरू करतं, आणि निर्णयाच्या पानावर लोक विरामचिन्हांच्या सूचना देत बसतात.

राहता राहिलं जुन्या पानांचं. टीमच्या विकीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या पानांच्या साठ्यात, सर्वांत धोकादायक पान कुठलं? रिकामं नाही. जे व्यवस्थित दिसतं, शोधात पहिलं येतं आणि दोन वर्षांपूर्वीच खोटं झालेलं आहे, ते. सिस्टीम "शेवटचा बदल" आपोआप दाखवते, पण त्याला काही अर्थ नाही. कुणी एक स्वल्पविराम सुधारला तरी ती तारीख ताजी होते. त्याऐवजी "शेवटचं तपासलं" ही तारीख हातानं लिहायची, शेजारी तपासणाऱ्याचं नाव. ते नाव भूमिकेचं असलेलं बरं, माणसं टीम बदलतात. कृतीची पानं दर तीन महिन्यांनी, किंवा प्रत्यक्ष वापरली गेली की लगेच दुसऱ्या दिवशी तपासावीत, कारण चुका तेव्हाच ताज्या असतात. निर्णयाची पानं तपासायची गरज नाही, ती त्या दिवसाचीच असतात. एकच आकडा दोन पानांवर लिहिला की त्यातला एक कधी ना कधी खोटा होणार, म्हणून आकडा एका जागी आणि बाकीकडे लिंक. मात्र रात्री दोनच्या पायऱ्यांना हा नियम लावू नये. जे नेटवर्क बंद पडलंय त्याच्यावरच ती लिंक उघडायची असते. कालबाह्य पान झटकन डिलीटही करू नये, त्याच्या लिंका जुन्या मेलमध्ये, तिकिटांत, कुणाच्या तरी बुकमार्कमध्ये पडलेल्या असतात आणि त्या कोऱ्या पानावर जाऊन आदळतात. पहिल्या ओळीत "२०२५-०४-०३ पासून लागू नाही, नवं पान इथे" असं लिहून खालचा मजकूर तसाच ठेवायचा. आणि शीर्षकात "जुने" हा शब्द घालायचा तो सुरुवातीलाच. शोधाच्या यादीत लांब शीर्षकं शेवटाकडून कापली जातात, आणि लोक "जुने" नेहमी शेवटी लिहितात.